लंगड्यांची ओळखपरेड

काका आयुष्यातलं पहिलं खोटं बोलले ते एका लंगड्या पक्ष्याविषयी, आणि तेही बायकोपाशी. म्हणजे गुन्हेगार नवखा आणि न्यायाधीश मुरलेला. अशा वेळी शहाण्या माणसानं तोंड उघडू नये. पण काका सकाळचा फेरफटका आटोपून आले, काकूंनी उशीवरून मान वळवून विचारलं, "आला होता का?" आणि काका चपला काढता काढता म्हणून गेले, "आला होता."

वास्तविक काका समुद्रापर्यंत गेलेच नव्हते. वाटेत औषधांचं दुकान लागतं, तिथे रांग होती. रांगेनंतर बाकडं होतं. आणि एकदा बाकड्यावर टेकल्यावर उठायचं ते कशासाठी, हा प्रश्न काकांना हल्ली रोजच पडत होता. समुद्र काही कुठे पळून जात नाही, असा त्यांनी मनाशी निकाल दिला आणि औषधं घेऊन घरी आले.

ज्याची चौकशी झाली तो लंगडा म्हणजे एक कुरव. समुद्रकाठी पांढरे-करडे, पिवळ्या चोचीचे, सदा कुणाशी तरी भांडण उकरून काढणारे पक्षी असतात, त्यांतला एक. त्याचा डावा पाय गुडघ्याखाली नव्हता. काकू रोज सकाळी पिशवीत शिळ्या पावाचा चुरा घेऊन किनाऱ्यावर जायच्या आणि बाकीच्या टोळीला हुलकावणी देऊन ह्याच्या वाटणीचं ह्याला घालायच्या. नवऱ्याला चहाबरोबर काही मिळालं की नाही, याची विचारपूस त्यानंतर सवडीनं व्हायची. मग थंडीच्या तोंडाशी काकूंच्या हृदयानं संप पुकारला आणि डॉक्टरांनी त्यांचा जिना बंद केला. घर तिसऱ्या मजल्यावर. बांधणाऱ्यानं लिफ्टसाठी जागा सोडली होती, आणि त्या जागेत रहिवाशांच्या मोडक्या सायकली सुखानं नांदत होत्या. जिना बंद म्हणजे समुद्र बंद. मागच्या खोलीतल्या खाटेवरून समोरच्या इमारतीचे पाण्याचे पाइप दिसत, आणि नशीब जोरावर असलं तर पाइपावर एखादा कावळा.

"आला होता ना? मग उद्या त्याचा फोटो आणा," काकू म्हणाल्या. "जन्मभर जगाचे काढलेत, एक माझ्यासाठी काढा."

यात टोमणा होता, पण पाया खरा होता. काका परवाना कचेरीत फोटोच्या खिडकीवर होते. ओळखपत्रावर जो फोटो असतो, जो पाहून माणसाला स्वतःचीच दया येते, तो काका काढत. स्टुलावर बसा, समोर बघा, हनुवटी वर, दोन्ही कान दिसू द्या, हसायचं नाही, हलू नका. या शेवटच्या दोन शब्दांवरून कचेरीत त्यांचं नाव 'हलूनका' पडलं होतं, आणि निरोपसमारंभात भाषणाच्या ओघात मोठे साहेबसुद्धा तेच नाव घेऊन मोकळे झाले होते. फोटोत मागे सावली पडली की काका तो नापास करत. माणूस लांबून आलेला असो, दाराशी त्याचं पोर रडत असो, सावली म्हणजे सावली. ओळख ही काही गंमत नव्हे, असं ते म्हणत. गावातल्या निम्म्या लोकांना त्यांनी एकदा तरी हात हलवत परत पाठवलं होतं, आणि ते लोक रस्त्यात भेटले की ज्या नजरेनं बघत तिला काका आदर समजत.

खरं सांगून टाकायला अजूनही हरकत नव्हती. पण 'आला होता' म्हटल्यावर काकूंच्या चेहऱ्यावर जे आलं, ते बऱ्याच दिवसांत आलेलं नव्हतं. दिलेलं ते परत मागून घेणं काकांना जमेना. त्यात काकूंनी पुढे सांगितलं की वारा फिरला की हे सगळे पक्षी थंड मुलखाकडे निघून जातात. तोवर तो तगला आहे एवढं कळलं म्हणजे झालं. काकांनी 'तोवर' हा शब्द ऐकला आणि ऐकलाच नाही असं केलं. डॉक्टरही हल्ली हाच शब्द वापरत होते.

कॅमेरा लेकीनं पाठवला. ती दूरच्या शहरात, स्वतःच्या संसारात नाकापर्यंत बुडालेली. येता येत नाही याची भरपाई ती वस्तूंनी करायची. कॅमेऱ्याबरोबर दुधाच्या बाटलीएवढी लांब लेन्स होती. खोकं जिन्यातून वर येईपर्यंत अख्ख्या इमारतीला बातमी लागली आणि वरच्या मजल्यावरचे विमावाले चहाच्या निमित्तानं खाली उतरले. विमावाल्यांना पक्ष्यांतलं काही कळत नव्हतं, कॅमेऱ्यातलं त्याहून कमी. पण सल्ला ही अशी चीज आहे की ती द्यायला भांडवल लागत नाही. त्यांचं म्हणणं पडलं की एकदम समुद्रावर जाणं धोक्याचं. आधी घरच्या घरी कावळ्या-चिमण्यांवर हात बसवावा, मग मोठी शिकार. काकांना ते पटलं. पुढच्या साऱ्या कटकटीची सुरुवात या पटण्यातून झाली, हे विमावाल्यांनी पुढे कधी कबूल केलं नाही.

दुसऱ्या दिवशी काकांनी बाल्कनीच्या कठड्यामागे पांढरी चादर ताणून बांधली. कुणी म्हणेल, पक्ष्याला चादर कशाला? पण मागे पांढरं असल्याशिवाय फोटो काढता येतो ही कल्पनाच काकांच्या आयुष्यात कधी शिरलेली नव्हती. कठड्यावर चुरा ठेवला, स्वतः दाराआड बसले आणि कावळा समोर बघण्याची वाट पाहू लागले. इथे काकांच्या कलेला पहिला सुरुंग लागला. पक्ष्याला तुमच्याकडे नीट बघायचं असलं की तो तोंड फिरवतो. त्याचे डोळे बाजूला. तो जितका लक्ष देईल तितका आडवा होतो. कान तर मुळी दिसतच नाहीत, एकही नाही. काकांनी हट्टानं समोरचाच क्षण पकडायचा ठरवलं, आणि बऱ्याच तपश्चर्येनंतर एक कबुतर आणि एक चिमणी नियमात बसवली.

काकूंनी तो चिमणीचा फोटो डोळ्यांजवळ धरला, लांब धरला.

"अहो, हा कांदा आहे."

"चिमणी आहे ती."

"डोळे फुटलेला कांदा आहे," म्हणून काकू हसायला लागल्या. समोरून घेतल्यामुळे चोचीचा नुसता ठिपका झाला होता, हे काकांनाही दिसत होतं. पण हसता हसता काकूंना धाप लागली, ती बराच वेळ बसेना, ओठ निळसर झाले. काका पाठीवरून हात फिरवत राहिले. त्या संध्याकाळी त्यांनी ठरवलं की यापुढे विनोदी फोटो दाखवायचे नाहीत. घरात हसण्यावर बंदी घालायची वेळ येईल असं त्यांना वाटलं नव्हतं. ती तर त्यांनी आजवर फक्त कचेरीत घातली होती.

इकडे समोरच्या इमारतीतल्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी तक्रार केली. त्यांचं म्हणणं असं, की एक वयस्क गृहस्थ रोज चादरीच्या आड बसून लांब लेन्स आमच्या बाल्कनीवर रोखतात. तक्रार वाजवी होती. चादरीला एका बाजूनं फट होती आणि फटीच्या नेमकी समोर डॉक्टरीणबाईंची कपडे वाळत घालायची दोरी होती. चिटणिसांनी जिन्याखाली, सायकलींच्या साक्षीनं, बैठक बोलावली. काका ताठ उभे राहिले. जन्मभर ज्यानं लोकांच्या चेहऱ्यांकडे फक्त कानांसाठी पाहिलं त्याच्यावर हा आळ! त्यांनी कॅमेराच चिटणिसांच्या हातात ठेवला आणि म्हणाले, बघा.

कॅमेरा हातोहात फिरला. चादर. चादर. चादर आणि एक शेपूट. चादर. चादरीवर कबुतराची शिट. पुन्हा चादर. बघता बघता मंडळींच्या चेहऱ्यावरचा संशय मावळला आणि त्या जागी जे उगवलं ते काकांना संशयाहून जड गेलं. डॉक्टरीणबाईंनी तक्रार मागे घेतली. चिटणीस, जे देखभालीच्या थकबाकीवरून सख्ख्या भावालाही सोडत नसत, ते हलक्या आवाजात म्हणाले, "काकूंना कसं आहे आता?" आळ परवडतो, माणूस निदान भांडू शकतो. कीव आली की भांडायची सोय संपते. काका चादर घेऊन वर गेले आणि तिची घडी घालताना त्यांना टोकं जुळवायला नेहमीपेक्षा फार वेळ लागला.

तेव्हा आता समुद्र. तिथे किनाऱ्यावरच्या पहारेकऱ्यानं अडवलं. त्याचं म्हणणं, छोटा कॅमेरा चालतो, हा एवढा चालत नाही. पलीकडे धक्का आहे, बोटी येतात-जातात, लांब लेन्सला बंदर कचेरीची परवानगी लागते. आपण पक्ष्याचा फोटो काढणार आहोत, असं काकांनी सांगितलं. कुठला पक्षी, असं पहारेकऱ्यानं विचारलं. एक पाय नसलेला, असं काकांनी सांगितलं. पहारेकऱ्यानं काकांच्या पायांकडे पाहिलं, का कुणास ठाऊक, आणि नियम पुन्हा म्हणून दाखवला. नियम ऐकून काकांना आतून थोडं बरंच वाटलं. जगात अजून कुणीतरी अडवणारं शिल्लक होतं.

बंदर कचेरीनं सांगितलं, अर्जाला ताजा फोटो लावा, परवाना कचेरीतूनच काढलेला. म्हणजे फिरून काका आपल्याच खिडकीपाशी आले, फक्त उलट्या बाजूनं. कॅमेऱ्यामागे त्यांच्याच हाताखाली तयार झालेला इसम होता. आता त्याच्याही कानशिलावर पांढरं आलं होतं. भिंतीवर काकांचाच जुना फोटो चिकटवलेला होता, खाली 'फोटो असा असावा' ही ओळ. दोन्ही कान, उंच हनुवटी, सावली नावालाही नाही. काकांनी तो स्वतःच स्वतःचा काढला होता.

काका स्टुलावर बसले. हनुवटी वर. मशीननं फोटो घेतला, जुन्याशी ताडून पाहिला आणि लाल अक्षरात कळवलं की चेहरा जुळत नाही. पुन्हा घेतला. जुळत नाही. चष्मा काढून, केस सारखे करून, दिवा हलवून. जुळत नाही. मागे रांग चुळबुळू लागली. काकांनी त्या पडद्यावरचे दोन चेहरे शेजारी शेजारी पाहिले, आणि आयुष्यात प्रथमच त्यांना एखाद्या मशीनशी वाद घालावासा वाटला नाही. खिडकीवर आपण असतो तर आपणही हा माणूस परत पाठवला असता.

"राहू द्या," ते उठत म्हणाले. "नियमात बसत नाही."

"बसा काका," तो इसम म्हणाला. "मी ओळखतो ना तुम्हाला." आणि त्यानं कुठलीशी कळ दाबून फोटो पास केला.

घरी आल्यावर काकांनी हे काकूंना जरा तक्रारीच्या सुरातच सांगितलं. अशा सवलती द्यायला लागले तर कचेरी बुडेल, वगैरे. काकू ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "मशीन बरोबर सांगतंय. धड जेवता कुठे तुम्ही?"

परवानगी मिळाली आणि काका एकदाचे लेन्स घेऊन वाळूत उतरले. पाण्याच्या कडेला कुरवांचा थवा बसला होता. काकांनी लेन्स डोळ्याला लावली आणि त्यांचा आपल्या नशिबावर विश्वास बसेना. समोरच एका पायावर उभा असलेला पक्षी. डावा पाय नाही. त्यांनी धडाधड फोटो काढले. मग लेन्स जरा सरकवली, तर शेजारचाही एका पायावर. त्याच्या पलीकडचाही. अख्खा थवाच्या थवा एकेका पायावर उभा होता, जणू सगळ्या किनाऱ्याला एकाच अपघातानं गाठलं होतं. काका भांबावून बघत राहिले. एवढ्यात त्यांच्या लंगड्यानं पोटातून, विमानानं चाक काढावं तसा, धडधाकट दुसरा पाय काढला, टेकवला, आणि तो चालू लागला.

समुद्रपक्षी विसावा घेताना एक पाय पिसांत ओढून घेतात, हे काकांना ठाऊक नव्हतं. काकूंना अर्थातच ठाऊक होतं. मग मागच्या खोलीत रोज ओळखपरेड सुरू झाली. काका सकाळचे फोटो घेऊन खाटेशी उभे राहायचे आणि काकू, चष्मा नाकावर, एकेक नापास करायच्या. हा नाही, ह्याच्या पोटाशी फुगवटा बघा, पाय आहे आत. हा नाही, हा पोरगेला आहे, पंख अजून तपकिरी आहेत. हा तर नाहीच, हा त्याचा पाव हिसकावणारा गुंड. काका कधी कधी रदबदलीही करायचे, जरा नीट बघ, उजेड कमी होता. पण काकूंपुढे वशिला चालत नव्हता. आपण जन्मभर लोकांशी कसे वागलो, हे त्यांना इतक्या बारकाईनं दुसऱ्या कुणी दाखवलं नसतं.

"त्याला ओळखायचं तरी कसं?" एकदा ते वैतागून म्हणाले.

"उतरताना पाहा. उतरताना तो तोल जाऊन पडतो. आणि पडला की आधी इकडेतिकडे बघतो, कुणी पाहिलं तर नाही ना. मग काही झालंच नाही असा उभा राहतो." काकूंनी डोळे मिटले. "तुमच्यासारखा."

"मी कधी पडलो?"

"बसमधून उतरताना. आपण नवे नवे होतो. मी हात द्यायला आले तर तुम्ही माझ्याकडे नाही, आधी रस्त्याकडे बघितलंत."

काकांना ते आठवत होतं. काकू ते विसरल्या असतील अशी त्यांची इतकी वर्षं समजूत होती.

हळूहळू फोटोपेक्षा सोबतचा मजकूर वाढत गेला. फोटो नापास झाला तरी काकू विचारायच्या, पाणी कुठवर आलं होतं? फुटक्या होडीवर कुणी बसलं होतं का? कुत्र्यांना घेऊन येणारी ती जाडी बाई येते अजून? औषधांच्या दुकानापुढे जायला ज्यांचे पाय उठत नव्हते ते काका आता होडीच्या फळ्या लक्षात ठेवून येत होते, कारण काकू फळ्यांचंही विचारायच्या. त्या डोळे मिटून ऐकत. ऐकता ऐकता मध्येच झोपत. मग काका थांबत नसत. आवाज थांबला की त्या जाग्या होत, म्हणून पुढचा समुद्र ते झोपलेल्या माणसाला सांगत राहायचे.

मग वारा फिरला. दुपारचा उकाडा जाणवू लागला, थवा विरळ होत चालला. जे उरले होते त्यांना दोन-दोन पाय होते, आणि ते दोन्ही खाली टेकून जायच्या तयारीत उभे असल्यासारखे दिसत. घरात प्राणवायूचं यंत्र आलं. ते रात्रंदिवस कुणीतरी हळू घोरावं तसा आवाज करायचं. लेक फोनवर रोज सुट्टीची खटपट करतेय म्हणायची. आणि एका सकाळी काका किनाऱ्यावरून आले, चपला काढल्या, मुद्दाम जरा आपटून काढल्या, आणि मागच्या खोलीतून प्रश्न आला नाही.

काकू जाग्या होत्या. छताकडे बघत होत्या. 'आला होता का' हे त्यांनी विचारलंच नाही.

काका तसेच पायऱ्या चढून वरच्या मजल्यावर गेले. विमावाल्यांना त्यांनी कॅमेऱ्यातला एक फोटो दाखवला. सकाळच्या कोवळ्या उन्हात एक कुरव एकटा उभा, सुरेख, दोन्ही पायांवर. यातला डावा पाय काढून टाकता येतो का, असं त्यांनी विचारलं. ज्या माणसानं कुणाच्या गालावरचा तीळ कधी खोडू दिला नव्हता त्याच्या तोंडी हे वाक्य होतं, आणि ते त्यांना स्वतःलाच दुसऱ्या कुणाचं वाटलं. विमावाल्यांनी कारण विचारलं नाही. इतक्या महिन्यांत त्यांच्याकडून न आलेली हीच एक गोष्ट सर्वांत मोलाची ठरली. त्यांनी फोटो आपल्या मोबाइलवर घेतला आणि बोटानं पाय पुसता पुसता फक्त एवढंच म्हणाले, "आमच्या धंद्यात पाय गेल्याची भरपाई द्यावी लागते, काका. तुम्हीच पहिले, जे स्वतःहून काढून मागताय."

फोटो चांगला मोठा छापून घेतला. काकांनी तो दुसऱ्या सकाळी काकूंच्या हातात दिला आणि खिडकीतल्या पाइपांकडे बघत उभे राहिले. नापास होणाऱ्यांना इतकी वर्षं कसं वाटत होतं याचा हिशेब त्यांच्याकडे त्या घटकेला चोख जमा झाला. काकूंनी चष्मा मागितला. बघितलं. पुष्कळ वेळ बघितलं. मग फोटोच्या खालच्या कडेवरून त्यांनी बोट फिरवलं, सावकाश, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

"सावलीसुद्धा आली की हो."

"ऊन तिरपं होतं," काका म्हणाले.

"हं." काकूंनी फोटो छातीवर ठेवला. "हाच."

"नक्की?"

"हाच तो. तगला म्हणायचा." मग जरा दम घेऊन म्हणाल्या, "आता उन्हातान्हाचं जाऊ नका रोज. बसा इथेच."

काका बसले. त्यानंतर काकूंनी विचारलं नाही आणि काकांनी सांगितलं नाही. थोड्याच दिवसांत किनारा रिकामा झाला आणि पाठोपाठ घरही.

लेक आली, राहिली, आईची कपाटं आवरली, वडिलांना आपल्याकडे चला म्हणून विनवलं, त्यावर विमावाल्यांनी आणि चिटणिसांनी दोन्ही बाजूंनी सल्ले दिले, आणि शेवटी ती एकटीच गेली. जाताना कॅमेरा खोक्यात घालून कपाटावर ठेवून गेली. डॉक्टरीणबाई काकांना गॅलरीत पाहिलं की हात हलवायच्या. काका मान डोलवायचे. यंत्र परत गेल्यापासून घरात इतकी शांतता होती की काका चपला आपटून काढायचेही थांबले.

एका दुपारी काकूंच्या चष्म्याची पेटी शोधताना तो फोटो हाती आला. आता बघायला कुणी नव्हतं म्हणून काकांनी तो नीट बघितला. तोवर बघायचं धाडस झालं नव्हतं. कुरव एका पायावर उभा. विमावाल्यांचं काम सफाईचं होतं, पायाच्या जागी वाळूच वाळू. आणि त्याच्या पुढे, सकाळच्या तिरप्या उन्हात ओल्या वाळूवर लांबच लांब पसरलेली त्याची सावली. तिला पाय होते. दोन. एकमेकांशेजारी, काठीनं ओढलेल्या रेघांसारखे स्वच्छ दोन पाय, फोटोच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

काका खाटेवर बसले. जन्मभर सावलीपायी ज्यांनी गाव परत पाठवलं त्या हलूनकांनी सावलीसकट बनावट फोटो दाखल केला होता. आणि ज्या बाईनं पिसातला फुगवटा ओळखून रोज फोटो परत केले होते, तिनं त्या सावलीवरून बोट फिरवून तो पास केला होता. तिला दिसलं नसेल, असं म्हणायला त्यांनी दोन-तीनदा सुरुवात केली. पण ती स्वतःच म्हणाली होती. सावलीसुद्धा आली की हो. आणि त्यांनी उत्तर दिलं होतं, ऊन तिरपं होतं. इतका मोठा फोटोग्राफर.

पुन्हा थंडी आली तशी काकांनी एकदा सकाळी पावाचा चुरा पिशवीत भरला. कॅमेरा खोक्यातच राहिला. औषधांचं दुकान आलं, बाकडं आलं, काका पुढे गेले. पहारेकऱ्यानं त्यांना ओळखलं आणि परवानगीची मुदत संपल्याचं सांगितलं. काकांनी रिकामे हात दाखवले. थवा परत आला होता, पाण्याच्या कडेला, नेहमीसारखा भांडत. काका ओल्या वाळूकडे निघाले, आणि तिथे भरतीनं आणलेल्या शेवाळावर पाय घसरून सपशेल गुडघ्यांवर आले. पिशवी लांब उडाली.

पडल्या पडल्या त्यांनी आधी इकडेतिकडे पाहिलं. पहारेकऱ्याची पाठ होती. कुत्रीवाली जाडी बाई लांब होती. कुणी पाहिलं नव्हतं. फक्त टोळीपासून जरा बाजूला, होडीच्या फळ्यांपाशी, एक कुरव तोंड आडवं करून एका डोळ्यानं त्यांच्याकडे बघत होता. तो एका पायावर उभा होता. उजव्या.

काका तिथेच गुडघ्यांवर थांबले. पोटाशी फुगवटा आहे की नाही हे त्यांच्या डोळ्यांना एवढ्या अंतरावरून कळेना. जरा वाट पाहिली असती तर पाय खाली आला असता किंवा आला नसता. एक पाऊल पुढे टाकलं असतं तर तो उडाला असता आणि सगळं लख्ख दिसलं असतं. आयुष्यभर त्यांनी दुसरं काही केलंच नव्हतं. समोरच्याला स्थिर बसवायचं आणि खात्री करून घ्यायची.

ते हातांवर जोर देऊन उठले. पिशवी उचलून चुरा होता तिथेच, होडीच्या बाजूला, ओतला. पक्षी जरा बुजला, मान वर केली.

"हलू नका," काका हळूच म्हणाले, आणि त्याच्याकडे पाठ करून चालू लागले. मागे पंखांची फडफड झाली, भांडणाचा कलकलाट झाला. त्यांनी वळून पाहिलं नाही.

तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत त्यांना दोनदा थांबावं लागलं. कुलूप काढून ते आत आले, ओल्या चपला एकेक करून काढल्या, आणि मागच्या खोलीच्या दिशेनं म्हणाले, "आला होता."